हळदीचा डाग, चुन्याची निवळी आणि 'उतरवलेली' कावीळ



बुद्धपौर्णिमेला विहारात भोजनदान असते. पांढऱ्याशुभ्र साडीवर किंवा सदऱ्यावर भाजीचा एखादा तरी थेंब सांडतोच. घरी येऊन त्या पिवळ्या डागावर साबण घासला की डाग एकदम लाल होतो. पुष्कळ जणींना वाटते, झाले, डाग पक्का बसला. पण भरपूर पाण्याने साबण निघून गेला किंवा वरून लिंबू पिळले की तोच डाग पुन्हा पिवळा पडतो. (डाग घालवायचा असेल तर कपडा धुऊन कडक उन्हात वाळवावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.)

हा रंगबदल आपण शेकडो वेळा पाहिला आहे, पण तो का होतो हे फारसे कोणी विचारत नाही. या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही तोच प्रश्न घेतला आहे. हळद, लिंबू, खाण्याचा सोडा आणि चुना एवढ्याच सामानावर रविवारच्या संस्कारवर्गात मुलांकडून हे प्रयोग करून घेता येतात. मुलांना मजा वाटते, हे खरेच. पण ज्या चुन्याने हळद लाल होते, त्याच चुन्याने आपल्या वस्त्यांमधून आजही काविळीचे रोगी फसवले जातात, त्याच चुन्याने लहान मुलांचे डोळे जातात, आणि आम्ल व आम्लारी हे शब्द कधी कानावर न पडलेल्या आपल्या भगिनी रोज त्याच रसायनांच्या बाटल्या हाताळून पोट भरतात. म्हणून हा विषय आरोग्याचा आहे.

आंबट आणि बुळबुळीत

लिंबू, चिंच, कोकम, ताक, व्हिनेगर या आंबट पदार्थांत आम्ल असते. साबण, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, चुना, राख कालवलेले पाणी यांचा गुण उलटा. त्यांना आम्लारी म्हणतात. बोटांना ती बुळबुळीत लागतात. शाळेच्या पुस्तकात यांची ताकद 'सामू' या मापाने सांगतात. हे माप ० ते १४ असते. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाच्या रसाचा सामू २ ते अडीच, दह्याचा साधारण साडेचार, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याचा ८ च्या थोडा वर, आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्याही वर. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सामूची एक पायरी म्हणजे ताकदीत दहापट फरक. त्यामुळे सोडा आणि चुना दोन्ही आम्लारी असले तरी एक आपण भज्यांच्या पिठात घालतो आणि दुसरा डोळा फोडतो.

आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तो तिथे राखतात. हजारो रुपयांचे यंत्र विकत घेऊन त्याचे 'अल्कलाईन' पाणी प्यायले म्हणून रक्त बदलत नाही. ते पाणी पहिल्यांदा पोटातल्या आम्लात पडते आणि तिथेच त्याचा प्रभाव संपतो. पगाराच्या दिवशी दारात येणाऱ्या विक्रेत्याला हे अवश्य ऐकवावे.

प्रयोग : हळदीचा कागद आणि जास्वंद

दोन चमचे हळद अर्धी वाटी पाण्यात कालवा. पाण्याऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर वापरले तर रंग अधिक चांगला उतरतो, मात्र ते पेट घेते, म्हणून गॅसजवळ नको. जाड पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. आता एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, दुसरीवर धुण्याच्या सोड्याचा, तिसरीवर चुन्याच्या निवळीचा, चौथीवर लिंबाचा, पाचवीवर साध्या पाण्याचा. पहिल्या तीन लाल होतील. शेवटच्या दोन पिवळ्याच राहतील.

इथे मुलांना विचारा, मग लिंबू आणि पाणी सारखेच का? नाहीत. हळद फक्त आम्लारी ओळखते, आम्ल ओळखायला ती निकामी आहे. त्यासाठी जास्वंदीची चार-पाच लाल फुले घ्या, पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा आणि पाणी गाळून घ्या. या पाण्यात लिंबू पिळले तर ते चटकन तेजस्वी गुलाबी-लाल होते, सोडा टाकला तर हिरवट. निळ्या गोकर्णाच्या फुलांचे पाणीही असेच रंग बदलते. एकाच साधनाने सगळे कळत नाही, दुसऱ्या साधनाने पडताळावे लागते, हे मुले इथे शिकतात.

हळद आणि चुना एकत्र आले की लाल रंग येतो, आणि कुंकू बनवण्याची जुनी रीत हीच आहे. ज्या लाल रंगावरून कपाळ कोणाचे भरलेले आणि कोणाचे रिकामे याचा हिशेब शतकानुशतके मांडला गेला, तो रंग मुलांच्या डोळ्यांसमोर एका थेंबात तयार होतो आणि लिंबाच्या एका थेंबात नाहीसा होतो. त्यावर जास्त भाष्य करायची गरज आम्हाला वाटत नाही.

जास्वंदीचा रस सुरीला चोळून वाळवला आणि त्या सुरीने लिंबू कापले तर लाल रस ठिबकतो. 'भानामतीचे रक्त' म्हणून दाखवतात ते बहुधा हेच, किंवा याच जातीचे दुसरे एखादे रसायन.

सोड्यात लिंबू पिळले की फसफसून वायू निघतो. लहान तोंडाच्या बाटलीत लिंबूरस घ्या, फुग्यात चमचाभर सोडा भरून तो फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा आणि उलटा करा. फुगा आपोआप फुगतो. पित्तावर सोडा किंवा फसफसणारी पावडर घेतल्यावर येणारा ढेकर हाच वायू असतो. कधीतरी घ्यायला हरकत नाही. रोज घेऊ नये, कारण त्यातून शरीरात पुष्कळ सोडियम जाते आणि रक्तदाब असणाऱ्यांना ते वाईट. आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असे काही असेल तर ते 'पित्त' समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

चुन्याची निवळी

हा प्रयोग मोठ्यांनीच करावा, तोही चष्मा लावून. खायच्या चुन्याची वाटाण्याएवढी गोळी ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावी. सकाळी तळाला पांढरा साका बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहते. हीच निवळी. ती दिसायला अगदी पाण्यासारखी असते, म्हणून ग्लासवर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय ठेवू नये. थोडी निवळी ताटलीत ओतून उघडी ठेवली तर काही तासांत वर पांढरी साय धरते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिचा खडूसारखा क्षार बनतो. चुना लावलेली भिंत वाळून घट्ट होते ती याच कारणाने.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

काविळीचा रोगी गावातल्या 'कावीळ उतरवणाऱ्या'कडे नेतात. तो रोग्याच्या हाताला कसले तरी 'औषध' चोळतो, काहीतरी पुटपुटतो आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याने हात धुवायला लावतो. खालच्या पितळी ताटात पिवळे पाणी पडते. नातेवाईक डोळ्यांनी पाहतात, कावीळ उतरली! तीन किंवा पाच खेपा करायला सांगतात. प्रत्येक खेपेला पाणी कमी पिवळे दिसते आणि विश्वास वाढत जातो.

ते औषध म्हणजे बहुतेक वेळा आंब्याच्या सालीचा, म्हणजे खोडावरच्या सालीचा, रस असतो आणि पाणी म्हणजे चुन्याची निवळी. सालीत जी तुरट द्रव्ये असतात ती आम्लारीत पिवळी होतात. पुढच्या खेपेला रस कमी चोळला की पाणी कमी पिवळे.

आमचे म्हणणे तसेच मानू नका, करून पाहा. आंब्याच्या ताज्या सालीचा तुकडा ठेचून चमचाभर पाण्यात कुस्करा. हे पाणी तीन काचेच्या ग्लासांत थोडे थोडे घ्या. पहिल्यात साधे पाणी घाला, दुसऱ्यात लिंबाचे, तिसऱ्यात निवळी. पिवळा कोणता ग्लास झाला ते पाहा. मग चौथ्या ग्लासात सालीचे पाणी न घालता नुसती निवळी घ्या. हा चौथा ग्लास सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यावरून कळते की पिवळेपणा एकट्या निवळीचा नाही, आणि पहिल्या ग्लासावरून कळते की एकट्या सालीचाही नाही. दोन्ही एकत्र आल्यावरच रंग येतो, आणि या चारही ग्लासांच्या जवळपास काविळीचा रोगी कोणीच नव्हता. निवळी कातडीला झोंबते, म्हणून प्रयोग हातावर नको, ग्लासातच करावा.

उतरवणाऱ्यासमोरही साधी मागणी करता येते. आधी आमच्यातल्या एका निरोगी माणसाचे हात याच औषधाने आणि याच पाण्याने धुऊन दाखव. ती तो मान्य करत नाही, यातच सगळे आले. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ. चार ग्लास मांडून पाहणे हे त्या शब्दाचे अगदी घरगुती आचरण आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव असेच प्रयोग करून दाखवत आले आहेत. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे उकळणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मग लोक बरे कसे होतात? काविळीचा पिवळा रंग बिलिरुबिन या द्रव्याचा. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर ते तयार होते आणि यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत सुजले किंवा पित्ताची वाट अडली की ते रक्तात साचते, डोळे आणि लघवी पिवळी दिसते. तळहातातून पाझरून ताटात पडायला त्याला वाटच नाही. दूषित पाण्यातून होणारी 'अ' प्रकारची कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय उतरवणाऱ्याला जाते. पण डोळे पिवळे दिसले म्हणजे ती 'अ' प्रकारचीच असे नसते. 'ब' आणि 'क' प्रकार रक्तावाटे पसरतात आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. पित्ताच्या वाटेत खडा असू शकतो. दारूने यकृत गेलेले असू शकते. पाण्यातूनच होणारा 'ई' प्रकार गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावरचा ठरतो. अशा बाईला तीन खेपांसाठी गावाबाहेर फिरवत ठेवणे म्हणजे तिला मरणाच्या दारात सोडणे. हे आम्ही कठोर शब्दांत लिहितो, कारण मऊ शब्दांत सांगून पुष्कळ वर्षे झाली.

डोळे पिवळे दिसले की रक्ताची तपासणी. रोगी गुंगीत बोलतोय, बरळतोय, हिरड्यांतून रक्त येतेय, उलट्या थांबत नाहीत, रोगी गरोदर आहे किंवा बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळे पडलेय, यांपैकी काहीही असेल तर त्याच क्षणी दवाखाना. विषाणूजन्य काविळीसाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात सरकारी केंद्रांतून 'ब' व 'क' ची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत 'ब' ची लस द्यायची असते. प्रसूती झाली की हे नातेवाइकांनी आठवणीने विचारावे. आणि हाताला डाग देणाऱ्याकडे तर कोणालाही नेऊ नका. त्या जखमेतून दुसराच रोग शिरतो.

चुन्याची पुडी आणि डोळा

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा प्लास्टिकची नळी घरात कुठेही पडलेली असते. मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना ही दुखापत चांगली ओळखीची आहे. आम्लापेक्षा आम्लारी डोळ्याला अधिक घातक असते. आम्लाने वरचा थर गोठतो आणि बहुधा आम्ल तिथेच अडते. आम्लारी मात्र पेशींतल्या चरबीचा अक्षरशः साबण करत आत आत जाते. चुन्याचे कण पापणीखाली अडकून तासन् तास जाळत राहतात.

अशा वेळी एकच उपाय, पाणी. नळाखाली किंवा तांब्याने सावकाश धार धरायची, पापण्या बोटांनी उघड्या ठेवायच्या, दुसऱ्या डोळ्यात पाणी जाणार नाही असे डोके कलते ठेवायचे. निदान अर्धा तास. दिसणारे कण ओल्या स्वच्छ कपड्याच्या टोकाने अलगद काढायचे, डोळा चोळायचा नाही. आम्लारीवर आम्ल म्हणून लिंबू पिळायचा विचार हा लेख वाचून कोणाच्या मनात आला असेल तर तो काढून टाका. तीव्र पदार्थ एकमेकांत मिसळले की उष्णता निघते आणि जखम वाढते. तूप, मध, आईचे दूध काहीही नको. अर्ध्या तासाने त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

तंबाखूत चुना का लागतो याचेही उत्तर याच धड्यात आहे. चुन्याने तोंडातला ओलावा आम्लारी होतो आणि अशा स्थितीत निकोटिन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरते. म्हणजे चुना चवीपुरता नसतो, नशा चढवण्यासाठी असतो. पंचशील घेतलेल्या माणसाने खिशातली डबी काढून एकदा हळदीच्या पट्टीवर तो चुना लावून पाहावा.

मोरीतल्या दोन बाटल्या

आपल्यातले कितीतरी जण मॉल, दवाखाने, रेल्वे, महानगरपालिका आणि लोकांच्या घरी सफाईचे काम करतात. त्यांच्या बादलीशेजारी दोन बाटल्या असतात. एक अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचा द्रव, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. दुसरी ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइट. ब्लिचिंग पावडर त्याच कुळातली. करोनापासून हायपोक्लोराइट घराघरांत पोचले. 'दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ निघेल' असे वाटणे साहजिक आहे. पण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तोच हा वायू. दार बंद असलेल्या लहानशा संडासात तो घातक ठरतो. व्हिनेगर आणि ब्लीच यांनीही क्लोरीनच निघतो, आणि अमोनिया असलेला काचपुसणीचा द्रव व ब्लीच यांनी दुसरा विषारी वायू. हा प्रयोग 'थोडासा करून पाहू' असेही कोणी करू नये.

क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साचतो, आणि खाली बसून घासणाऱ्या बाईच्या नाकाशी तो सर्वांत आधी येतो. उग्र वास आला, डोळे चुरचुरले, खोकला आला की हातातले तिथेच टाकून बाहेर मोकळ्या हवेत यायचे. बादली आणायला परत आत जायचे नाही. डोळे, तोंड, हात पाण्याने धुवायचे. दम लागत असेल तर दवाखान्यात जायचे. त्रास कधी कधी काही तासांनीही वाढतो, म्हणून त्या रात्री एकटे झोपू नये. कापडी मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही.

एका दिवशी एकच रसायन, आणि दुसरे वापरण्याआधी भरपूर पाणी, दार-खिडकी उघडी. अ‍ॅसिड पातळ करायचे असेल तर आधी पाणी घ्यायचे आणि त्यात अ‍ॅसिड ओतायचे, उलटे कधीही नाही. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा मैल्याच्या टाकीत अ‍ॅसिड ओतू नका. तिथल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा जीवघेणा वायू सुटू शकतो. रबरी हातमोजे, चष्मा, बूट हे कंत्राटदाराने द्यायचे असतात. ते मागणे म्हणजे उर्मटपणा नव्हे. एकटीने मागितले तर कामावरून कमी करण्याची धमकी मिळते, हे आम्ही जाणतो, म्हणून पाळीतल्या सगळ्यांनी मिळून आणि लेखी मागावे. अर्ज लिहून द्यायला विहारात कोणी ना कोणी शिकलेला असतोच.

घरी आणलेले अ‍ॅसिड थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. उन्हाळ्यात बाहेरून तहानलेले मूल आले की ते बाटलीवरची चिठ्ठी वाचत नाही. कोणी चुकून प्यायलेच तर उलटी करवू नका, कारण जे एकदा जाळत खाली गेले ते पुन्हा जाळत वर येते. लिंबू, सोडा, मिठाचे पाणी काही पाजू नका. तोंड धुऊन चूळ थुंकायला लावा आणि ती बाटली सोबत घेऊनच दवाखाना गाठा. बाटलीवरचे नाव वाचून डॉक्टरांचा वेळ वाचतो. रिकामी झालेली बाटली धुऊन, तिला भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे तिच्यात पुन्हा कोणी पाणी भरणार नाही.